सकाळचं इंजेक्शन

“आज सकाळी तुम्हीही टोचलंत ना त्याला? खरं सांगा!” सासूबाई दवाखान्याच्या दारातच कडाडल्या. बाकाशी बांधलेला एक कुत्रासुद्धा मालकाच्या पायांमागे सरकला.

दवाखान्याचा फोन येताच जावई पोहण्याच्या तलावावरून शिकवणी सोडून तसाच धावत आला होता. केसांतून पाणी ठिबकत होतं. शर्टाची बटणं खालीवर लागली होती.

“ढोल्या कसा आहे, आई?”

“आहे अजून. तुमच्या कृपेने नव्हे!”

ढोल्या आत टेबलावर आडवा होता. पायात सलाईनची सुई, डोळे अर्धवट मिटलेले. लेक प्रशिक्षणासाठी परगावी गेल्यापासून तिच्या या मधुमेही बोक्याची वाटणी झाली होती. सकाळचं इन्सुलिन वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सासूबाईंनी द्यायचं, संध्याकाळचं जावयाने. आज सकाळीही त्यांनी रोजच्यासारखं खाली येऊन, मानेमागची कातडी चिमटीत धरून, इंजेक्शन दिलं होतं. ताटलीत कालचं खाणं तसंच पडलेलं दिसलं, तेव्हा त्या जावयाच्या आळशीपणावर चरफडल्याही होत्या. दुपारी पुन्हा डोकावल्या, तर बोका भिंतीला धडकत चाललेला. बघता बघता त्याचे पाय लटपटले आणि मान कलंडली.

उभा जन्म वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईला, साखर उतरली हे सांगायला कोण लागतं? त्यांनी त्याच्या हिरड्यांना मध चोळला, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि टॅक्सी गाठली. आपला हात चुकणं शक्य नव्हतं. मग उरलं एकच. पहाटे निघण्याआधी या दिवट्याने आपल्या हातानेही एक सुई खुपसली असणार. वाटभर त्या एकेक वाक्य परजत आल्या होत्या.

राग काही आजचा नव्हता. रविवारी जावयाने चार पाहुण्यांसमोर त्यांची नक्कल केली होती. “आमच्या सासूबाई रिटायर झाल्या कुठे? मांजरालाही रोज विचारतात, पोट साफ झालं का?” पाहुणे पोट धरून हसले. सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून त्यांनी अबोला धरला होता. आज तो सुटला, तो असा.

“तुम्हाला सगळी थट्टाच वाटते! माणसाची थट्टा, मुक्या जिवाची थट्टा! लेक विचारेल तेव्हा काय सांगणार आहात?”

जावयाने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. म्हणजे खरंच, सासूबाईंनी मनात म्हटलं. चोराच्या मनात चांदणं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या.

“वाचला. वेळेवर मध चोळलात म्हणून वाचला.”

“ऐकलंत?” सासूबाई जावयाकडे वळल्या.

पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. “काल संध्याकाळी यांनी त्याला आणलं, तेव्हा मी काय बजावलं होतं? इन्सुलिन एकदम बंद! खाणं कमी झालंय, साखर आपोआप ताब्यात आलीय. मांजरांचा मधुमेह कधी कधी असा ओसरतो. मग औषधच विष होतं. एवढं सांगूनही आज सकाळी टोचलं कुणी?”

सासूबाईंना एकदम कालचे फोन आठवले.

काल संध्याकाळी जावयाचा फोन पुन्हा पुन्हा वाजला होता. आता माफी मागायला लागलाय, असं म्हणून त्यांनी तो दर वेळी कापला होता. पहाटे दारावरची बेलही वाजली होती. दाराच्या छिद्रातून त्यांनी त्याचा चेहरा पाहिला होता. “उभा राहा म्हणावं,” असं पुटपुटत त्या चहा ठेवायला वळल्या होत्या.

“मीच दिलं,” जावई म्हणाला. “सवयीने दिलं गेलं. डोक्यातून पार निघूनच गेलं, डॉक्टर.”

“निघून गेलं?” डॉक्टरीणबाई भडकल्या. “झेपत नाही तर पाळता कशाला? तुमच्या बेफिकिरीपायी जीव जात होता त्याचा!”

“चुकलं.”

“चुकलं म्हणून भागतं का? तुम्हाला हे सगळं थट्टा वाटते का?”

सासूबाईंनी टॅक्सीत परजलेलं एकेक वाक्य आता दुसऱ्याच तोंडून बाहेर पडत होतं. जावई मान खाली घालून ते निमूटपणे झेलत होता. त्याने सासूबाईंकडे चोरूनसुद्धा पाहिलं नाही. आत टेबलावर ढोल्याने डोकं उचललं, तो क्षीण आवाजात एकदा ओरडला आणि पुन्हा पडला. “आणि वर या बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईंना धावपळ करायला लावलीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तेवढं मात्र सासूबाईंना सहन झालं नाही. त्या ताडकन पुढे झाल्या.

“पुरे! त्याला आता एक शब्द बोलायचा नाही, डॉक्टर. सुई मी टोचलीय, माझ्या या हाताने.” मग त्या जावयाकडे वळल्या. आवाज दारातल्यासारखाच चढलेला होता, फक्त मध्येच फाटला.

“आणि तू रे? पुन्हा आईसाठी खोटं बोललास, तर याद राख!”