मारवेलचे ठोंब

फक्त परवान्याचं गवत लावायची मुभा होती आणि ते एका कापणीनंतर आपोआप मरायचं. त्याची जनुकंच तशी घडवलेली होती. ठकूबाईच्या माळावरचं जुनं मारवेल गवत मात्र अकरा वर्षं फुटत होतं आणि तिची मेंढरं त्यावरच जगत होती. ड्रोनने ते टिपलं, तसा अधिकारी आला.

"बाई, हे विनापरवाना आहे. आजच मुळासकट उपटा."

"उपटते की, सायेब."

तिने बाजाराला निघालेल्या पाच गावच्या बायांना हाक मारली. गवताचा एकेक ठोंब खणून तिने त्याचे मुळांसकट चार-चार फुटवे वेगळे केले आणि प्रत्येकीच्या ओटीत घातले.

"हातभर अंतरावर लावा, मूळ धरेपर्यंत पाणी घाला."

"हे काय चालवलंय?" अधिकारी ओरडला.

"उपटलं," ठकूबाई शांतपणे म्हणाली. "आता पाच गावांत हुडका."