पर्जन्यमापकाची वही

भर एप्रिलच्या रखरखाटात विश्वेश भूगोल विभागामागच्या पर्जन्यमापकात गुपचूप तांब्याभर पाणी ओतायचा. सकाळी बागूल सर पाऊस मोजायला आले, की कडुनिंबाआड तोंडात रुमाल कोंबून हसायचा. सर मात्र निमूटपणे वहीत काहीतरी लिहून निघून जायचे.

शिकून गेला, तो दहा वर्षांनी उगवला सरांच्या शोकसभेलाच. शिपाई मंगळूकाकांनी ती वही त्याच्या हातात ठेवली.

"लय उशीर केला, भाऊ. बघ, तुझ्या उचापती सरांना ठाऊक होत्या."

एप्रिल १९९४. 'पाऊस नाही. विश्वेश येऊन गेला.'

तो खुदकन हसला. पुढची पानं उलटली. पंच्याण्णव, शहाण्णव, थेट यंदापर्यंत, दर एप्रिलला सरांचं तेच अक्षर.

'पाऊस नाही. विश्वेशही नाही.'