खांद्यावरचं कुंकू

दिगंबरने भिंग डोळ्याला लावलं आणि एकोणीसशे पंचावन्नच्या कॅनेडियन सेंटवर दिव्याचा झोत तिरका केला. त्या सालच्या थोड्याच सेंटांवर राणीच्या खांद्यावरची वस्त्राची घडी उमटली नव्हती. तसलं एक नाणं मिळावं म्हणून त्याने वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं होतं. पण या खांद्यावर बारीक रेषा दिसत होत्या. त्याचं अवसानच गळालं.

त्याने नाणं जरासं फिरवलं. रेषा तांब्याच्या नव्हत्याच, वर वाळलेल्या कुंकवातल्या होत्या. गेल्या लक्ष्मीपूजनाला आईने त्याच्या डबीतला, अजून न तपासलेला हाच लखलखीत सेंट ताटात ठेवून त्यावर अनामिका टेकवली होती. संक्रांतीच्या आधीच ती गेली.

"नाणी तपासून देणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेकडे पाठवू या," लॅपटॉपवरची नजर न काढता त्याची बायको वृंदा म्हणाली. "सांगितलं तर ते आधी साफ करतात, मग तपासतात. दुर्मीळ निघालं तर लेबलवर तसं लिहितात."

"आणि टोरांटोवाले?"

"ते साफसफाई करत नाहीत. घडीची जागा झाकलेली असेल तर नुसतं 'एक सेंट' लिहून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतील. काय उपयोग? बोल ना, कुणाचा फॉर्म भरू?"

दिगंबर पुन्हा भिंगावर वाकला. कुंकवाचा एक कण सुटून खालच्या मखमलीवर पडला. त्याने श्वास रोखून धरला.

"त्यांची ती प्लास्टिकची डबी," त्याने हळूच विचारलं, "पुन्हा उघडत नाही ना?"

"फोडल्याशिवाय नाही."

"मग टोरांटोचा भर."