जुना पत्ता बंद करताना

ती ऑफिसात पोचली तोवर जुनी सेवा बंद झालेली होती. शंकासुराने तिची वाटसुद्धा बघितली नव्हती. गॅसवर दूध ठेवून उभं राहावं तसा तो स्क्रीनवर नजर लावून बसला होता.

शंकासुर हे त्याचं ऑफिसातलं नाव, काम टेस्टरचं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा त्याला पगार मिळायचा आणि तो बिचारा पगाराला जागायचा. साहेबांनीच सांगितलं, म्हणाला. बंद करून टाका आणि बघा कोण बोंबलतं ते. जो बोंबलेल तो अजून जुन्यावरच अडकलाय असं समजायचं आणि त्याला उचलून नव्यावर आणायचं. या धंद्यात अशीच रीत आहे.

"मग, कोणी बोंबललं?" पर्स ठेवता ठेवता तिने विचारलं.

"एकच गिऱ्हाईक आहे, ताई. सकाळपासून एकाच पत्त्यावर धडका मारतंय."

ते गिऱ्हाईक म्हणजे तिची आई होती.

ऑफिस हरवलेल्या माणसांच्या नोंदींचं. 'रेस्ट' म्हणतात त्या जुन्या पद्धतीच्या सेवेत प्रत्येक हरवलेल्या माणसाला स्वतःचा वेगळा पत्ता असायचा. त्या पत्त्यावर गेलं की त्या एकाच माणसाची झाडून सगळी माहिती अंगावर यायची, हवी असो वा नसो, आणि तळाशी तपास कुठवर आला ते. आईच्या फोनवर तिने धाकट्या भावाच्या पत्त्याचं बटण करून दिलं होतं. आई उठली की चूळ भरायच्या आधी ते दाबायची. 'शोध सुरू आहे' असं आलं की मग दिवसाला लागायची. ऑफिसात यातलं कोणाला काही ठाऊक नव्हतं. धाकट्याच्या फाइलवर माहेरचं आडनाव होतं. लग्नात आडनाव बदलल्याचा तिला झालेला तेवढाच काय तो उपयोग.

नव्या सेवेत, जिला ते ग्राफ म्हणत, असे पत्तेच नव्हते. सगळ्यांना मिळून एकच दार. तिथे उभं राहून नेमकं काय हवं ते विचारायचं, तेवढंच हातात पडतं. पण एका प्रश्नात कुठूनही कुठे जाता येतं, कारण आत सगळ्या नोंदी एकमेकींना धाग्यांनी बांधलेल्या. हरवलेल्यांचा विभाग खाली, बेवारस मृतांचा वरच्या मजल्यावर. इतकी वर्षं दोन्हीकडची माणसं एकाच जिन्याने चढली-उतरली, पण एका मशीनने दुसऱ्याला कधी काही विचारलं नाही. तो धागा तिने बांधला होता. तोही चेहऱ्यावरून किंवा कपड्यांवरून नाही, डॉक्टरांनी शरीरात बसवलेल्या वस्तूच्या नंबरावरून. त्यात गल्लत होत नाही. खोट्या माणसांच्या नोंदी घालून तिने तो पुन्हा पुन्हा ओढून पाहिला. खऱ्यांवर मात्र चालवला नाही. धाकट्याच्या डाव्या मांडीतल्या पट्टीचा नंबर तिला तोंडपाठ होता.

"या धडकावाल्यालाच घेऊ पहिल्यांदा," म्हणत शंकासुराने त्याचा प्रश्न लिहायला घेतला. नाव. वय. तपासाची स्थिती. ती म्हणाली, तेवढं पुरे. त्याला तेवढं कुठलं पुरायला? जुळणाऱ्या नोंदीही मागवून बघतो, म्हणाला, नाहीतर तुमचा धागा कळणार कसा.

"राहू दे ना. मी बघते नंतर."

"तुमचं तुम्हीच तपासणार? मग मला काय इथे खुर्च्या पुसायला ठेवलंय?"

त्याने बटण दाबलं.

उत्तर यायला वेळ लागला नाही. वर धाकट्याचं नाव, वय, 'शोध सुरू आहे'. त्याच्या खाली, थोडी आत सरकून, आणखी एक नोंद. पुरुष. ओळख पटली नाही. डावी मांडी, धातूची पट्टी, आणि नंबर. मग दफनाची तारीख. तो घरातून गेला त्याच वर्षातली.

शंकासुर खुर्चीत ताठ झाला. पहिल्या झटक्यात जुळलं की, म्हणाला. मग त्याने ते परत एकदा वाचलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"म्हणजे हा वरच्या मजल्यावर होता. आणि इकडे कोणीतरी रोज उठून..." त्याने डोळे चोळले. ज्याचं कोणाचं माणूस असेल त्याला कळवायला हवं, म्हणाला, साहेबांना सांगून पत्ता काढतो.

ती म्हणाली, काढू नको. मी कळवते.

पर्समधला फोन बराच वेळ वाजत होता. तो घेऊन ती बाहेर जिन्यापाशी आली. वरून कोणीतरी फाइलींचा गठ्ठा घेऊन उतरत होतं, त्याला तिने वाट दिली.

आई होती. ते मेलं बटण काही दाखवतच नाही, म्हणत होती. नुसतं पांढरं येतं. फोन बंद करून चालू केला, पुसला, शेजारणीला दाखवला. माझ्याच हातून काही बिघडलं का गं?

"नाही आई. जुनं बंद केलंय आम्ही. नवीन बसवतोय."

"ते तू रात्रंदिवस करत होतीस, तेच?"

"तेच."

आईने हळूच, कोणी ऐकू नये अशा बेताने विचारलं, "नव्यात तो लवकर सापडेल का गं?"

तिने कठड्याला धरलं.

"हो आई. नव्यात लगेच सापडतं."

"मग बसवा ना बाई," आई म्हणाली. "थांबलात कशासाठी?"