चालता-बोलता

"चालता-बोलता गेल्या हो वहिनी. पुण्यवान!" भेटायला आलेले शेजारी म्हणाले. नीलकंठरावांनी नुसती मान हलवली. रडू येत नव्हतं.

कोलेस्टेरॉल खरं तर त्यांचं. चावलेला डास घसरून पडावा, इतकं रक्त तुपकट! डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर ते मैदानातल्या बाकावर बसत आणि सोबतीला आलेली बायकोच फेऱ्या मारी. "आमचे हे बसूनच चालतात!" असं ती चारचौघांत म्हणाली, तेव्हापासून त्यांनी अबोला धरला होता.

काल सकाळी दारातून तिनं विचारलं, "येताय ना?" ते भिंतीकडे बघत राहिले. ती एकटीच गेली आणि मैदानातच कोसळली.

"शेवटचं काय बोलल्या?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"येताय ना, म्हणाली."

"मग?"

"म्हटलं, हो पुढं, आलोच," नीलकंठरावांनी सांगितलं.