अकतोशच्या गांधी

माझा कुत्रा अकतोश सकाळपासून केकाटत होता. अंगभर टपोऱ्या गांधी उठलेल्या. मी घोडा पाठवून गुरांचा डॉक्टर आणवला.

"घरात नवीन काय आलंय, आपा?" त्यानं विचारलं. म्हाताऱ्या बाईला आमच्यात आपाच म्हणतात.

"सून."

"सुनेनं गांधी उठत नाहीत. हा झोपतो कुठे?"

"तंबूच्या दाराशी, लोकरीच्या नमद्यावर. कसर लागू नये म्हणून गेल्या आठवड्यात मीच त्यावर औषधाची पूड मारलीय. चांगली मूठमूठभर."

"मग त्यानंच. काढा तो बाहेर."

आमच्यात नवी सूनही दाराशीच बसते. नमदा ओढायला आयझिरेक वाकली, बाही वर सरकली, आणि डॉक्टर कुत्र्याला सोडून तिच्या हाताकडेच बघत राहिला.

"आठवडाभर तोंड शिवलं होतंस का गं?" मी विचारलं.

"नव्या सुनेनं कुरकुरायचं नसतं, आपा," ती हळूच म्हणाली. "अकतोश ओरडला, बरं झालं."