दोन ताऱ्यांच्या मधे

ललिता कुरुंदकरांची दृष्टी गेली, तेव्हा वेधशाळेचे संचालक हळूच म्हणाले, "बाई, आता विश्रांती घ्या. आकाश न बघता संशोधन कसं करणार?"

"सर, मी ताऱ्यांच्या मधल्या विरळ वायूचा अभ्यास करते. तो कुणालाच दिसत नाही, तुम्हालाही नाही. आपण त्याच्या रेडिओलहरींचे आलेख बघतो. मी त्या लहरी ऐकेन."

सहकारी निसार मुजावरांनी संगणकावर त्या लहरींचे स्वर करून दिले; लहर जितकी जोरकस, तितका स्वर उंच. सुरुवातीला नुसती खरखर यायची. तरी बाई रोज हेडफोन लावून बसत राहिल्या.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "इथे वायूचा ढग आहे."

"आलेखात काहीच दिसत नाही, बाई," निसार म्हणाले.

"दुर्बीण पुन्हा तिकडेच वळवा."

नव्या निरीक्षणाच्या वेळी निसारनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. खरखरीतून एक बारीक स्वर वर चढत होता.